मृत्यूचे देणे

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता अंमलात आणल्या आणि त्यांच्याबरोबर अनेक जुने कायदे निवृत्त झाले. संप करण्याचा हक्क, कामाचे तास, कामगारकपातीची मुभा यांवर वृत्तपत्रांतून बराच ऊहापोह झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. पण त्या गर्दीत १९२३ सालचा एक कायदा कोणाच्या लक्षात न येता कालवश झाला, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. कामावर असताना कामगार जखमी झाला वा मरण पावला तर मालकाने काय द्यावे हे सांगणारा हा नुकसानभरपाईचा कायदा. शंभरांहून अधिक वर्षे तो या देशात नांदला. मुक्तीनंतर तो गोव्यातही आला. त्यातील तत्त्व नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत कायम ठेवण्यात आले आहे. तत्त्व राहिले, ही समाधानाची गोष्ट. परंतु ते तत्त्व प्रत्यक्षात कोणाच्या दारापर्यंत पोहोचते आणि कोणाच्या दाराबाहेर थबकते, हा प्रश्न संहितेने सुटलेला नाही. त्याची चर्चा आम्ही रेल्वेच्या संदर्भात करू इच्छितो. एक तर या किनारपट्टीवर मृत्यूच्या इतके जवळ उभे राहून काम करणारा दुसरा मोठा वर्ग मच्छीमारांखेरीज क्वचितच असेल; आणि दुसरे म्हणजे, मालकाच्या दायित्वाचा हा सारा कायदा घडला, बिघडला आणि पुन्हा घडला तो मुख्यतः रेल्वेच्याच रुळांवर.

चतुर्थीला गावी निघालेल्या आमच्या वाचकांनी गाडीच्या खिडकीतून हे दृश्य शेकडो वेळा पाहिले असेल. गाडी बोगद्याच्या तोंडाशी मंदावते. रुळाच्या कडेला, डोंगर कापून काढलेल्या भिंतीला पाठ लावून, चार-सहा माणसे उभी असतात. अंगावर नारिंगी जाकीट, हातात पहार, पाना किंवा गुंडाळलेले निशाण. गाडी जाते, माणसे पुन्हा रुळावर उतरतात. पूर्वी त्यांना गँगमन म्हणत. आता रेल्वेच्या दप्तरात त्यांचे नाव ट्रॅक मेंटेनर असे झाले आहे. नाव बदलले तरी पहारीचे वजन काही कमी झालेले नाही. कॅसलरॉकहून कुळ्यापर्यंतचा घाट सदतिसास एक अशा चढणीचा. जुलैच्या पावसात तेथे रात्री हातात विजेरी घेऊन रुळांवरून चालणे म्हणजे काय, हे घरात बसून कळावयाचे नाही. २३ जुलै २०२१ रोजी याच घाटात दूधसागर आणि सोनावळीच्या दरम्यान दरड कोसळून प्रवासी गाडी रुळावरून घसरली. ९ आणि १० जुलै २०२४ रोजी पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल उसळला आणि कोकण रेल्वेची वाहतूक बंद पडली. अशा वेळी प्रवाशांना बसने पुढे नेले, गाड्या वळवल्या, इतक्या मजकुरावर बातमी संपते. तो चिखल उपसावयास बोगद्यात कोण उतरले, हे बातमीत नसते.

या वर्गातील माणसे किती मरतात? रेल्वेच्या सुरक्षिततेचा विचार करण्यासाठी डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये आपला अहवाल दिला. डॉ. काकोडकर म्हणजे गोमंतकाच्या मुक्तिलढ्यातील पुरुषोत्तम काकोडकर यांचे चिरंजीव. त्यामुळे या अहवालाकडे येथल्या वाचकांचे थोडे अधिक लक्ष जावयास हवे होते, पण तसे घडले नाही. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंतच्या काळात कर्तव्यावर असलेले सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी मरण पावले आणि सुमारे ८७०० जखमी झाले, असे समितीने नमूद केले. म्हणजे जवळजवळ दररोज एक. हे सगळे एकाच दिवशी, एकाच पुलावरून कोसळले असते तर देश हादरला असता, संसद ठप्प झाली असती, मंत्र्यांनी राजीनामा दिला असता. ते एकेकटे मेले, म्हणून कोणीच हादरले नाही.

आता कायद्याकडे वळू. ब्रिटिश न्यायालयांनी घडविलेल्या जुन्या कायद्यात एक विलक्षण तऱ्हा होती. दुसऱ्याच्या हयगयीने एखाद्याचा पाय मोडला तर तो दावा लावू शकत असे. पण तो मेला तर त्याच्या बायकोला दावा लावता येत नसे. माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर चितेवर, अशी ती व्यवस्था. रेल्वे आली, अपघात वाढले आणि ही विसंगती इंग्लंडलाही असह्य झाली. १८४६ मध्ये तेथे कायदा होऊन मृताच्या पत्नीला व मुलांना दाव्याचा हक्क मिळाला. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि १८५५ मध्ये त्याच धर्तीचा कायदा आपल्याकडे आला. परंतु इंग्लंडच्या न्यायाधीशांनी एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची युक्ती तोवर शोधून ठेवली होती. तिचे नाव 'समान सेवेचे तत्त्व'. एकाच मालकाच्या सेवेत असलेल्या एका नोकराच्या चुकीने दुसरा नोकर दगावला तर मालक जबाबदार नाही, असे हे तत्त्व. नोकरी पत्करताना सहकाऱ्याच्या हलगर्जीपणाचा धोकाही त्याने पत्करलेलाच असतो, असे त्यामागचे तर्कशास्त्र.

या तत्त्वाचा उगम १८३७ च्या एका खटल्यात, खाटकाच्या भाराने मोडलेल्या गाडीत आहे. पण त्याला बाळसे धरले ते रेल्वेने. अमेरिकेत बोस्टन आणि वूस्टर रेल्वेच्या एका इंजिनचालकाने उजवा हात गमावला. सांधेवाल्याने सांधा चुकीचा ठेवला होता, म्हणून गाडी घसरली. मॅसेच्युसेट्सचे सरन्यायाधीश शॉ यांनी १८४२ मध्ये त्याला भरपाई नाकारली. धोक्याच्या कामाला पगार जास्त असतो आणि त्या जास्तीच्या पगारातच धोक्याची किंमत आली, असे त्यांचे म्हणणे. १८५० मध्ये इंग्लंडात यॉर्क, न्यूकॅसल अँड बेरिक रेल्वेचा एक नोकर कंपनीच्या कामासाठी गाडीने जात असता दोन गाड्यांच्या टकरीत ठार झाला. त्याच डब्यातला तिकीट काढून बसलेला प्रवासी मेला असता तर त्याच्या विधवेला पैसे मिळाले असते. हा मात्र कंपनीचा नोकर; टक्कर घडवून आणणारेही कंपनीचेच नोकर; सबब दावा फेटाळण्यात आला. इंजिनचालकाने शंभर कोसांवरच्या सांधेवाल्यावर नजर कशी ठेवावी, हे त्या विद्वान न्यायमूर्तींनी सांगितले नाही. सांधेवाल्याची निवड करतो मालक, त्याला शिकवतो मालक, त्याच्याकडून सलग किती तास काम घ्यावयाचे तेही ठरवतो मालक. धोका मात्र शेजारच्या नोकराचा!

हे तत्त्व आपल्याकडे चालेल काय, हा प्रश्न १९३७ मध्ये नागपूरच्या उच्च न्यायालयापुढे आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा एक कर्मचारी सहकाऱ्याच्या हयगयीने मरण पावला होता. १९२५ पासून ही रेल्वे सरकारच चालवीत असल्यामुळे त्याच्या पत्नीला दावा लावावा लागला तो प्रत्यक्ष भारतमंत्र्यांवर. 'सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध रुक्मिणीबाई' या नावाने हा खटला विधिग्रंथांत प्रसिद्ध आहे. एका बाजूस साम्राज्याचा मंत्री आणि दुसऱ्या बाजूस रेल्वेच्या नोकराची विधवा, असा तो सामना. पाठ्यपुस्तकांत मृत माणूस केवळ 'एक कर्मचारी' म्हणून येतो आणि जातो. राहिले आहे ते त्याच्या बायकोचे नाव.

सरकारच्या वकिलांनी समान सेवेचे तत्त्व पुढे केले. मुख्य न्यायमूर्ती सर गिल्बर्ट स्टोन यांनी ते नाकारले. त्यांची विचारसरणी आजही अभ्यासण्याजोगी आहे. हिंदुस्थानातील न्यायालयांना जेथे लिखित कायदा नाही तेथे न्याय, समता आणि सद्विवेक यांच्या आधारे निर्णय द्यावयाचा असतो, आणि त्यासाठी ती इंग्लिश कायद्याकडे पाहतात. पण पाहावयाचे ते संपूर्ण इंग्लिश कायद्याकडे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८८० पासून स्वतःच ज्या तत्त्वाचे पंख छाटत आणले, ते तत्त्व त्याच्या मूळ जुलमी स्वरूपात इकडे आणून बसवणे हा सद्विवेक होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय. आम्हांला तो निकाल मोलाचा वाटतो तो आणखी एका कारणाने. इंग्रज न्यायाधीशाने, इंग्रज सरकारविरुद्ध, इंग्रजांचाच टाकाऊ माल नागपूरच्या बाजारात खपवण्यास नकार दिला. परकी सत्तेविरुद्ध लढलेल्या पिढीने इंग्रजांना पुष्कळ बोल लावले, आणि ते लावणे योग्यच होते. पण हा निकाल त्यांच्या जमेस मांडला पाहिजे.

दुर्दैवाने गोष्ट येथे संपली नाही. रेल्वेच्याच आणखी एका कर्मचाऱ्याच्या मृत्यूचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९५० च्या विधिवृत्तांत प्रसिद्ध झालेल्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने उलट कौल दिला: समान सेवेचे तत्त्व हिंदुस्थानात लागू होते. गंमत पाहा, इंग्लंडने स्वतः ते तत्त्व १९४८ मध्ये कायद्याने पार गाडून टाकले होते. घरात ज्याचे तेरावे झाले तो परसात अजून जिवंत आहे, असे म्हणण्यासारखाच हा प्रकार. अखेर स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५१ मध्ये मालकांच्या दायित्वाच्या १९३८ सालच्या कायद्यात दुरुस्ती करून हा बचाव मालकांच्या हातून काढून घेतला. प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी झालेल्या या छोट्याशा दुरुस्तीचे कोणी स्मारक उभारलेले नाही.

ही जुनी कथा आम्ही विस्ताराने सांगितली ती इतिहासाच्या हौसेने नव्हे. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमधील बरौनी स्थानकात इंजिन डब्यापासून सोडवताना एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडला गेला. ते भीषण छायाचित्र देशभर फिरले. प्राथमिक चौकशीत काय निघाले? कामावरील सहकाऱ्यांमध्ये ताळमेळ नव्हता! शंभर वर्षांपूर्वी हे एवढे वाक्य दावा बुडवावयास पुरेसे होते. आज ते पुरत नाही; पण चौकशी करणाऱ्यांची दृष्टी मात्र अजून त्याच जुन्या खाचेतून जाते. खालच्या माणसाने खालच्या माणसाला मारले, वरच्यांचा काय संबंध, हा स्वर अशा अहवालांतून आजही ऐकू येतो.

१९२३ च्या कायद्याचे मोठेपण हेच की त्याने चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला सारला. दिवाणी दाव्यात विधवेला मालकाची हयगय सिद्ध करावी लागते. साक्षीदार कोण? मालकाचेच नोकर. या कायद्याने तिला सांगितले की बाई, मृत्यू कामामुळे आणि काम चालू असताना झाला एवढे दाखव, बाकीचे आम्ही पाहतो. कामगार दारू प्यायला होता, त्याने मुद्दाम नियम मोडला, असे बचाव जखमेच्या बाबतीत मालकाला उपलब्ध होते. पण मृत्यूच्या बाबतीत तेही नाहीत. ज्याने चुकीची किंमत प्राण देऊन मोजली त्याच्या मुलांकडून पुन्हा वसुली करू नये, इतका साधा विवेक त्यामागे होता. भरपाईची रक्कम परस्पर वारसाच्या हातात न देता आयुक्ताकडे जमा करावयाची, आणि परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरावयाची नाही, अशीही तरतूद होती. अशिक्षित विधवेकडून अंगठा घेऊन दहा हजारांत प्रकरण मिटवणारे लोक कायदा करणाऱ्यांना चांगले ठाऊक होते, असे दिसते. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, आयुक्ताने निकाल दिला त्या दिवशी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये स्पष्ट केले. महिनाभरात रक्कम दिली नाही तर बारा टक्के व्याज, आणि समर्थनीय कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

यावरून एक गोष्ट स्वच्छ होते, आणि आमचे सारे म्हणणे तिच्यातच आहे. भरपाई हे देणे आहे. ते अपघाताच्या क्षणी जन्माला येते. ते कोणी मागावे लागत नाही. आपल्याकडे माणूस गेला की त्याचे देणे फेडण्याची जबाबदारी मुलगा मानतो. बाराव्या-तेराव्याच्या आत हिशेब पुरे करणारी घरे आमच्या वाचकांनी पाहिली असतील. येथे देणेकरी जिवंत आहे, सशक्त आहे, त्याच्या नावावर प्रचंड मालमत्ता आहे. आणि घेणेकरी स्मशानातून परतलेले कुटुंब आहे. तरीही मेलेल्याच्या बायकोने कार्यालयाच्या पायऱ्या चढावयाच्या आणि देणेकऱ्याने तिला 'सानुग्रह' रक्कम जाहीर करावयाची! अनुग्रह गुरूने शिष्यावर करावा. ऋणको धनकोवर अनुग्रह करीत नसतो.

रेल्वे काहीच देत नाही, असे आम्ही म्हणत नाही. ते असत्य ठरेल. कायम नोकरीतला माणूस कर्तव्यावर मेला तर त्याच्या घरात कुटुंबनिवृत्तिवेतन येते, अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळू शकते, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी कर्तव्यावरील अपघाती मृत्यूची सानुग्रह रक्कम २०१६ पासून पंचवीस लाख ठरली आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याने तर गाडीच्या अपघातात कर्तव्यावरील रेल्वे कर्मचाऱ्याला प्रवासी म्हणूनच गणले आहे. म्हणजे १८५० मध्ये यॉर्कच्या विधवेला जे नाकारले ते आपल्या कायद्याने लेखी दिले. १ जानेवारी २०१७ पासून अशा मृत्यूची रक्कम आठ लाख आहे. फक्त एकाच अपघाताची भरपाई दोनदा घेता येत नाही, एक मार्ग निवडावा लागतो. पण येथेही एक मेख आहे. ही तरतूद गाडीला अपघात झाला तर, किंवा माणूस गाडीतून पडला तर. गाडीतला गार्ड तिच्यात बसतो. गाडीखाली सापडलेला गँगमन तिच्यात बसत नाही, कारण गाडीला काहीच झालेले नसते! ती वेळेवर पुढच्या स्थानकात पोहोचलेली असते. त्याच्यासाठी उरतो तो कामगार भरपाईचा कायदा.

त्या कायद्याचा हिशेब वाचकांनी एकदा समोर ठेवावा. मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम घ्यावयाची आणि वयानुसार ठरलेल्या अंकाने तिला गुणावयाचे. चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो अंक १८४.१७. तीसच्या वयाला २०७.९८, पन्नाशीला १५३.०९. समजा, चाळीस वर्षांच्या गँगमनचे वेतन चाळीस हजार आहे. निम्मे वीस हजार. गुणाकार होतो छत्तीस लाख त्र्याऐंशी हजार चारशे. पण कायद्याने वेतनाला टोपी घातली होती. २०१० मध्ये आठ हजार आणि जानेवारी २०२० पासून पंधरा हजार, याहून अधिक वेतन हिशेबात धरावयाचे नाही. मग निम्मे होतात साडेसात हजार आणि रक्कम येते तेरा लाख एक्याऐंशी हजार दोनशे पंचाहत्तर. तेवीस लाखांचा फरक एका टोपीने पडतो. कर घेताना सरकार खरे वेतन पाहते. मरणाची किंमत करताना मात्र कागदावरचे. मोटार अपघातात मेलेल्या माणसाची भरपाई त्याच्या खऱ्या उत्पन्नावर ठरते, मग रुळावर मेलेल्याची का ठरू नये? नव्या संहितेखाली ही मर्यादा ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. ती ठरवताना रेल्वे हीच सर्वांत मोठी देणेकरी आहे आणि ती सरकारचीच आहे, ही अडचण आम्हांला दिसते. स्वतःच्या कर्जाची रक्कम स्वतःच ठरवण्याचा अधिकार असलेला ऋणको सहसा उदार नसतो.

आणि तरीही हा झाला कायम कर्मचाऱ्याचा प्रश्न. खरा अंधार पुढे आहे. गेली काही वर्षे तिनईघाटापासून वास्कोपर्यंतच्या मार्गाच्या दुपदरीकरणाचे काम चालले आहे. त्या प्रकल्पाविषयी गोव्यात मोठे आंदोलन झाले. कोळसा, पर्यावरण, भगवान महावीर अभयारण्य यांवर जे बोलावयाचे ते आम्ही इतरत्र बोललो आहोत. येथे आम्हांला त्या रुळावर खडी टाकणाऱ्या माणसांविषयी बोलावयाचे आहे. ती बहुधा गोव्याची नसतात. उत्तर कर्नाटकातून, ओडिशातून, झारखंडातून ती येतात, मार्गालगत पत्र्याच्या खोपटात राहतात आणि त्यांच्यावरचा मालक असतो कोणी उपठेकेदार, त्याच्यावर ठेकेदार, त्याच्यावर कंपनी, आणि सर्वांत वर रेल्वे. त्यांच्यातला एखादा गाडीखाली किंवा ढिगाऱ्याखाली सापडला की या शिडीच्या प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्याकडे किंवा खालच्याकडे बोट दाखवतो. शवचिकित्सा होते, रुग्णवाहिकेचे भाडे आणि काही हजार रुपये भावाच्या हातावर ठेवले जातात आणि प्रेत गावी रवाना होते. पुढे त्या गावच्या विधवेला गोव्यातील कोणत्या कार्यालयात, कोणत्या भाषेत अर्ज करावयाचा हे कोण सांगणार? मुदत दोन वर्षांची. दोन वर्षे तिची अशी सहज निघून जातात.

कायद्याने ही पळवाट पूर्वीच बुजवली होती, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. १९२३ च्या कायद्याचे बारावे कलम म्हणत होते की मुख्य धनी आपल्या धंद्याचाच भाग असलेले काम ठेकेदाराकडून करवून घेत असेल तर भरपाई त्याने द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. विधवेने शिडी चढावयाची नाही. रेल्वेने ती उतरावयाची. त्यावर वकिली बचाव असा केला जातो की गाड्या चालवणे हा रेल्वेचा धंदा, मार्ग बांधणे हा नव्हे. रूळ नसतील तर गाडी कशावरून चालणार, हे विचारण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. दुसरी खोच हजेरीपटाची. दिवसाला पाचशे रुपयांप्रमाणे सव्वीस दिवस भरले तर वेतन तेरा हजार आणि चाळिशीच्या माणसाची भरपाई सुमारे बारा लाख. पटावर तेराच दिवस दाखवले की वेतन निम्मे झाल्याचा दावा करता येतो आणि भरपाईलाही निम्म्याची कात्री लावण्याचा प्रयत्न होतो. जिवंतपणी ज्याची मजुरी कापली त्याचे मरणही त्याच कात्रीने कापले जाते. आणि ज्याचे नाव पटावरच नाही, त्याचे काय?

रेल्वेच्या बाजूने जे सांगितले जाते त्याचाही विचार करू. पहिला मुद्दा पैशाचा: हा पैसा शेवटी जनतेचाच. खरे आहे, पण मृत्यूचा बोजा कोणीतरी उचलणारच. तो कोट्यवधी प्रवाशांत वाटला तर तिकिटामागे काही पैसेही पडणार नाहीत. न वाटला तर तो एका झोपडीवर सगळा कोसळतो. दुसरा मुद्दा असा की माणसेच बेफिकीर असतात, मोबाइलवर बोलत रुळावर उभी राहतात. काही राहतही असतील. पण एका दिशेच्या गाडीला वाट देताना दुसऱ्या दिशेने आलेल्या गाडीखाली माणूस सापडतो, वळणावर इंजिन दिसत नाही, पावसात ऐकू येत नाही, पहारा देणारा माणूस कमी केलेला असतो, ही कारणे बेफिकिरीत मोडत नाहीत. गाडी जवळ येत असल्याचा इशारा गँगमनच्या अंगावरच वाजवणारे 'रक्षक' नावाचे यंत्र रेल्वेकडे आहे. ते सर्वांच्या कमरेला अजून का नाही? कारण यंत्राची किंमत अंदाजपत्रकात दिसते आणि माणसाची दिसत नाही. प्रत्येक मृत्यूमागे खऱ्या वेतनावर आधारलेली पूर्ण रक्कम महिन्याच्या आत मोजावी लागली तर यंत्र स्वस्त वाटू लागेल. अमेरिकेत रेल्वे कामगारांसाठी १९०८ मध्ये वेगळा दायित्वाचा कायदा झाला. तेथे हयगय दाखवावी लागते, पण मृत्यूला ती अल्पशी कारणीभूत झाली तरी पुरते, आणि रक्कम ज्युरी ठरवते, तिला टोपी नाही. तो मार्ग लांबचा आणि खर्चाचा आहे. आम्ही त्याची शिफारस करीत नाही. परंतु दायित्व जड केले की सुरक्षितता वाढते, या विचारावर तो उभा आहे आणि तो विचार आमच्याकडेही खरा ठरावा.

न्यायालयांनी आपले काम पुष्कळ केले आहे. मुंबईच्या बेस्टचा चालक काम संपवून बेस्टच्याच बसने घरी जाताना मेला तेव्हा तोही कामावरचाच मृत्यू, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये म्हटले. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटेच्या पाळीसाठी निघाला आणि वाटेत अपघातात गेला; कामाशी धागा जुळत असेल तर हाही मृत्यू कामावरचाच, असे त्याच न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरवले. नव्या संहितेने ही गोष्ट लेखीच केली आहे. त्या पहारेकऱ्याचा मृत्यू २००३ चा. बावीस वर्षे! निकाल उत्तम आहे. बावीस वर्षांत त्याची लहान मुले केव्हाच मोठी झाली असतील.

म्हणून आता चेंडू शासनाच्या अंगणात आहे, आणि तो केवळ दिल्लीच्या अंगणात नाही. रेल्वे केंद्राची, आम्ही काय करणार, असे पणजीत म्हणण्याची सवय आहे. पण जुन्या कायद्यातील आयुक्त राज्य सरकारच नेमीत होते. नव्या संहितेतील सक्षम प्राधिकाऱ्याची नेमणूकही राज्याच्याच हाती आहे. मृत्यूची बातमी कोणत्याही मार्गाने कळली तरी आयुक्ताने स्वतः होऊन मालकाला नोटीस काढावी आणि दायित्व मान्य आहे की नाही हे विचारावे, असा अधिकार १९२३ च्या कायद्यात होता. तो वापरण्याची वृत्ती मात्र कायद्याने देता येत नाही. गोव्याच्या कामगार खात्याने रेल्वेमार्गावरील प्रत्येक मृत्यूची पोलीस नोंद आपल्याकडे मागवावी, मृत रेल्वेचा असो वा ठेकेदाराचा, आणि विधवेच्या अर्जाची वाट न पाहता रेल्वेला पत्र लिहावे. रेल्वे मंडळानेही कर्तव्यावरील मृत्यूंची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करताना ठेकेदारी कामगारांचा रकाना वेगळा ठेवावा. जो रकाना नाही त्यात कोणी मरत नाही, अशी आपल्या प्रशासनाची समजूत आहे.

कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक दरवर्षी जूनमध्ये लागू होते. गाड्यांचे वेग कमी होतात, दरडीच्या जागी पहारेकरी बसतात, रात्रीची गस्त वाढते, आणि त्यासाठी हंगामी माणसे घेतली जातात. येत्या जूनपूर्वी कोकण रेल्वे आणि दक्षिण पश्चिम रेल्वे या दोघांनीही एक गोष्ट करावी. गस्तीवर वा बोगद्यात उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचे, मग तो कोणाच्याही पटावर असो, नाव, खरी मजुरी, गाव आणि वारसाचे नाव रेल्वेच्या स्वतःच्या नोंदवहीत लिहून घ्यावे आणि तिची एक प्रत कामगार आयुक्तांच्या कार्यालयात ठेवावी. या कामाला संहितेत दुरुस्ती लागत नाही, मंत्रिमंडळाची संमती लागत नाही. एक कारकून आणि आठवडाभराचा वेळ पुरतो.